मामाजींचे शेक आणि नळीतलं जेवण

मामाजींच्या गालाला आतून कॅन्सर निघाला. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, जन्मभर खाल्लेला. आमच्या यवतमाळकडे खर्रा घोटून देणारा ठेला नाही असं गाव शोधून दाखवा. ऑपरेशन झालं आणि नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, लागले. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेतून निघाला. जेवणाचं मात्र आमचं आम्हालाच पाहायचं होतं.

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क चढवून टेबलाला पक्का बसवतात. तो सुरुवातीच्या चेहऱ्याच्या मापाचा असतो. वजन उतरलं की गाल बसतात, मास्क ढिला पडतो. मग पुन्हा माप, पुन्हा स्कॅन, आणि शेक लांबतात. आहारतज्ज्ञ मॅडमनी हे सांगितलं तेव्हा जेवण हाही उपचारच आहे हे घरात सगळ्यांना पटलं. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, असा त्यांचा हिशेब. मामाजी ५० किलोचे, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम!

त्यात भेटायला येणारे. दूध बंद करा, अंडं गरम पडते, साखरेनं कॅन्सर वाढते. एकानं तर गव्हांकुराच्या रसाची बाटलीच आणली. साखर सोडल्यानं गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. पाहुण्यांना मी चहा दिला आणि मामाजींच्या दुधात साखर घातली.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघालं. मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या चालूच होत्या, तरी वरणाचं पाणीसुद्धा उतरेना. "निखारा ठेवल्यावानी वाटते वो बाई," म्हणायचे. नाकातून नळी घालायची म्हटल्यावर अडून बसले. नळी लागलेला माणूस घरी येत नाही, हे त्यांनी गावात पाहिलेलं. तोंड भरून आलं की काढू, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे तयार झाले.

मग माझी खरी ड्युटी. भाजलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, मुगाचं घोटलेलं वरण, दूध, उकडलेलं अंडं, चमचाभर तेल. सगळं मिक्सरमधून काढून बारीक गाळणीनं गाळायचं. गाळलं नाही तर नळी तुंबते. आधी नळीवरची पेनची खूण नाकाशीच आहे ना ते पाहायचं, सरकली असेल तर काही न घालता नर्सला दाखवायचं. मामाजींना टेकवून बसवायचं, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरायची आणि जेवण आपोआप उतरू द्यायचं. दट्ट्यानं ढकलायचं नाही. खोकला आला की थांबायचं. शेवटी साधं पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी हेच. मे महिन्यातलं नागपूर, केलेलं लगेच नासायचं, म्हणून प्रत्येक वेळी ताजं. लाइन गेली की खोलीमालकिणीच्या खलबत्त्यात कुटायचं.

वजन थोडं उतरलं, पण मास्क बदलावा लागला नाही. शेक संपल्यावर काही आठवड्यांनी नळी निघाली. चव हळूहळू येते आहे. लाळ कमी, म्हणून भाकर दुधात कुस्करूनच लागते, आणि झुणक्याला मिरची घातली की अजून शिव्या खाव्या लागतात.

कोणाच्या घरी शेक लागणार असतील तर मास्कचं माप घेतात त्याच दिवशी आहारतज्ज्ञांना भेटा, तोंड सोलायची वाट पाहू नका. एसटीच्या सवलतीचंही तेव्हाच विचारून घ्या.