आत्याच्या झाडाची पानं

‘आत्याची आठवण म्हणून ठेवलेलं झाड, आणि मागेल त्याला त्याचं पान कापून देता? जिवावर येत नाही?’ घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

झाड ब्रह्मकमळाचं. फोंड्याच्या घरी आत्याने ते पडवीत वाढवलं. ती गेली, घराला कुलूप लागलं आणि कुंडी माझ्या मडगावच्या फ्लॅटवर आली. हिमालयात उंचावर फुलतं ते ब्रह्मकमळ वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या घरोघरी असतं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथे ते मोठ्या वृक्षांच्या अंगावर वाढतं. आपल्याकडे आंब्याफणसावर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड वाढतं, तसंच. आधार घेतं, त्या झाडाचं अन्न घेत नाही.

आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड. म्हणून त्यालाच कळी येते आणि मातीत खोचलं की त्यालाच मुळं फुटतात. आमच्या कुंडीत फळ धरलेलं मी कधी पाहिलं नाही. मी पाहिलेली सगळी ब्रह्मकमळं कुणी तरी कुणाला दिलेल्या पानापासूनच झालेली. आत्यालाही ते शेजारणीने दिलं होतं. अशा पानातून आलेलं रोप म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या कुंडीत. आत्याच्या वेळची माती केव्हाच बदलली, जुनी खोडं वाळली, बुडातून नवी आली. मग माझ्याकडची कुंडी तेवढी आत्याची आणि वहिनीच्या गॅलरीतली नाही, असं कसं म्हणू?

शिवाय आपला पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या मुळांना हवा लागते. पाणी साचलं की ती कुजतात. एकच कुंडी जपत बसलं तर एखादा जुलै ती घेऊन जाईल. आत्या पावसाळ्यात कुंडी भिंतीकडे ओढायची आणि पाणी जवळजवळ बंद करायची. मीही तेच करते. तांबडी माती घट्ट बसते म्हणून ती अगदी थोडी. बाकी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कुजलेला पाला आणि वाळू. कुंडी लहानच ठेवते, मुळं जरा दाटीत असली की फुलं बरी येतात. पिठ्या ढेकूण दिसला की ओल्या फडक्याने पुसून काढायचा, मग कडुनिंबाचं तेल.

जिवावर येतं, ते एकाच खोडाबाबत. आत्याने स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने ते काठीला बांधलं होतं, गाठ अजून तशीच आहे. त्याला मी कात्री लावत नाही. बाकी सगळं तुमचंच.

पान हवं असेल तर दिवाळीनंतर या. पावसाच्या दमट हवेत कापलेली कड सुकत नाही आणि पान मातीतच सडतं. नेल्यावर चार-पाच दिवस सावलीत उघडं ठेवा, कड कोरडी झाली की खालची बाजू खालीच धरून खोचा. कडक ऊन नको, पानं पिवळी पडतात. फुलाला दोन-तीन वर्षं तरी लागतील. कळी दिसली की मात्र मला फोन करा, कितीही रात्र झाली तरी मी येते.