झऱ्याचं पाणी मुरतं कुठे? माझा अनुभव

डोंगरातल्या एका झऱ्याचं पुनर्भरण (जमिनीत पाणी मुरून तो पुन्हा भरणं) बर्फातून होतं की पावसातून, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. हाताशी वार्षिक पर्जन्याचा तक्ता होता, पण त्याचा फारसा उपयोग नव्हता. किती पडलं याच्याइतकंच कसं पडलं हेही महत्त्वाचं. बर्फ हळूहळू वितळतो, झाडांनी अजून पाणी ओढायला सुरुवात केलेली नसते, जमिनीला मुरवून घ्यायला सवड मिळते. तेच पाणी तासाभराच्या मुसळधार सरीत आलं की बरंचसं थेट ओढ्याला जातं. हिवाळे उबदार होत चालले की नेमकी हीच अदलाबदल होते.

विसर्ग, म्हणजे झऱ्याची धार, मोजायला बादली आणि स्टॉपवॉच पुरलं. खरी कसरत समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंची. थंडीत आणि उंचावर पडणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड अणू) कमी, म्हणून ते ‘हलकं’. नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, झाकणाखाली बुडबुडाही नको. पर्जन्यपात्रात पॅराफिन तेलाचा थर. कारण बाष्पीभवनात हलके रेणू आधी उडतात आणि उरलेलं पाणी फसवतं. तपासायला भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांची पर्जन्याच्या पाण्यासाठीची १९६१ सालची रेषा आहे: ड्युटेरियमचं (जड हायड्रोजनचं) मूल्य, म्हणजे प्रमाण पाण्यापासूनचा दर हजारी फरक, हे ऑक्सिजन-१८ च्या मूल्याच्या ८ पट अधिक १० असतं. बाष्पीभवन झालेला नमुना रेषेखाली घसरतो. एवढं चढून आणलेली बाटली बाद करताना जिवावर येतं, पण इलाज नाही.

झऱ्याचं पाणी हलकं निघालं आणि तिथेच घोडं अडलं. ते शिखराजवळ मुरलं म्हणून हलकं, की बर्फाचं म्हणून? उंचीमुळे दर १०० मीटरला ऑक्सिजन-१८ साधारण ०.१५ ते ०.५ प्रति हजार घटतो, म्हणजे दोन्ही कारणं आकड्यात सारखीच दिसतात. मग वेगवेगळ्या उंचीवर पात्रं ठेवून वर्षभराचं सगळं पर्जन्य गोळा केलं. झऱ्याचं पाणी शिखराजवळच्या वार्षिक सरासरीपेक्षाही हलकं ठरलं, तेव्हा सुटलो. निव्वळ उंचीने हे साधत नाही. पर्जन्यात बर्फाचा जेवढा वाटा, त्याहून जास्त पुनर्भरणात होता.

शेवटी ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. त्यावरून पाणी काही वर्षं जुनं असल्याचं दिसलं. त्यावर बैठकीत ‘मग बर्फ घटला तरी घाई कसली?’ असा सूर लागला. पण वरून नवं पाणी मुरलं की त्याच्या दाबाने खालचं जुनं पाणी बाहेर पडतं. बर्फ कमी पडला तर धार पुढच्याच उन्हाळ्यात बारीक होऊ शकते, बाहेर येणारं पाणी जुनंच असलं तरी. समस्थानिकं बैठकीतल्या लोकांना पटकन पटली. हे पटवायला मात्र घसा कोरडा पडला.