पौर्णिमेच्या ओहोटीत काळीच्या मुखाशी जाऊ नका: कारवारच्या खाडीतली कयाक आणि गळ

बेळगावहून पहाटे निघून त्याच सकाळी खाऱ्या पाण्यात गळ टाकता येईल अशी, काळी नदीच्या खाडीइतकी चांगली जागा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तरीही कोडीबागेचा पूल ते देवबागचं टोक या पट्ट्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मी पुन्हा कयाक घालणार नाही. कुणी फुकट बोट दिली तरी नाही. खांदे अजून दुखतायत, त्यामुळे पुढचं थोडं कडू वाटलं तर चालवून घ्या.

आम्ही तिघे होतो: मी, माझा मावसभाऊ आणि खानापूरचा एक मित्र. दोन कडक प्लास्टिकच्या कयाक आणि एक फुगवायची. बेळगावात बसून ऐकलेल्या गोष्टी दोन. पहिली, "काळीचं पाणी म्हणजे तळं हो, लहान पोरंसुद्धा वल्हवतात." दुसरी, "पौर्णिमेला जावा, मासा तुटून पडतोय." पहिली गोष्ट ज्या व्हिडिओंवरून पसरते ते सगळे सकाळी, भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात काढलेले असतात. एवढं पाणी थांबलं की काळीच काय, कुठलीही खाडी आरशासारखी दिसते. दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे. उधाणाला पाणी पळतं, पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासा पळतो, त्यांच्यामागे मोठा मासा येतो. पण हे सांगणारा काठावर उभा राहून गळ टाकणारा असतो. त्याला परत वल्हवत यायचं नसतं.

आता वेळेचं गणित. किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण आखणीला पुरतं. भरती-ओहोटीच्या छापील किंवा मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून घ्या. म्हणजे पौर्णिमेला सकाळी सव्वाअकरापर्यंत पाणी आत येणार आणि मग संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर ओढणार, त्यातही दीड ते तीन सगळ्यात जोरात. नेमक्या त्याच वेळेला कारवारात समुद्रावरून वारा सुटतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा वारा दुपारचा ठरलेला आहे. पाणी पश्चिमेला चाललंय, वारा पूर्वेला ढकलतोय, आणि दोघांची गाठ पडते ती मुखाशी. लाटा उंच नसतात, पण आखूड आणि उभ्या असतात. एक संपेपर्यंत दुसरी नाकावर. मोठ्या बोटीला त्याचं काही वाटत नाही, कयाकचं नाक मात्र दर वेळी पाण्यात घुसतं.

आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर सोबतीला इंजिनाची होडी ठरवली होती. दहाला पाण्यात उतरायचं, होडीवाला जवळपास थांबणार, ओहोटीचा जोर लागायच्या आत दोरी बांधून वर आणणार, असं बोलणं झालं होतं. "तीनपर्यंत आरामात राहा, मी हाय की," असं तो म्हणाला. साडेबाराला त्याला डॉल्फिन बघायला निघालेलं एक कुटुंब मिळालं आणि तो कुर्मगडाच्या दिशेने गेला तो गेलाच. फोन लागत होता, उचलत नव्हता.

पाऊणपर्यंत मजा होती, खोटं कशाला बोलू. पुलाच्या खालच्या अंगाला मावसभावाच्या दोरीला चोणक लागला (रायगडवाले ज्याला जिताडा म्हणतात तोच), पाण्याबाहेर अख्खा उडाला आणि गालफडाच्या धारेने लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) कापून गेला. त्या नादात आम्ही अजून खाली सरकलो. एकच्या सुमारास मान वर करून बघितलं तर सदाशिवगडाची टेकडी मागे पडलेली. वळलो आणि वल्हवायला लागलो. काठावरचं एक माडाचं झाड धरून ठेवलं होतं खुणेला. पंधरा मिनिटं जीव खाऊन वल्हवल्यावर ते झाड तिथंच होतं. नंतर ते पुढं जायला लागलं, म्हणजे आम्ही मागं.

फुगवायची कयाक सगळ्यात आधी हरली. ती पाण्यावर पानासारखी तरंगते, वारा तिला एकीकडे फिरवतो, ओढ दुसरीकडे नेते. मित्राने काठाकडे जायचा प्रयत्न केला, तिथे दगडांना कालवं चिकटलेली. कालवाची कड म्हणजे वस्तरा. एक कप्पा फाटला. दुसरे कप्पे शाबूत होते म्हणून तो वर राहिला. पुढे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना पांढऱ्या दिसायला लागल्या तेव्हा मात्र तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

जाळं ओढून परत येणारी एक फायबरची होडी आली म्हणून हा वृत्तांत लिहितोय. होडीतल्या आजोबांनी दोरी फेकली आणि पहिलं वाक्य हे: "पुनवेच्या सुकतेक हांगा कोण येता रे?" सुकती म्हणजे ओहोटी, हांगा म्हणजे इथे. त्यांनी आम्हाला पुलाच्या वर आणून सोडलं, पैसे घेतले नाहीत. गाडीत बेळगावचा कुंदा होता, तो डबा दिला. तो मात्र घेतला.

आणि ठरवलेला होडीवाला? चारला उगवला, आणि हिशेब मांडला. ठरलेले १५०० हे "माणशी" होते म्हणे, म्हणजे ४५००. लाइफ जॅकेटचे ३००, जी आमची आमच्या अंगावर होती. गाडी उभी केल्याचे २००. पाच हजार रुपये, आणि कशाचे, तर आम्हाला सोडून गेल्याचे! तासभर वाद घालून ३५०० वर तुटलं आणि तेवढेही द्यायला नको होते असं अजून वाटतं. तुम्ही जाल तेव्हा काठावरच, दोघा-तिघांच्या देखत विचारा: दर होडीचा की माणशी, डिझेल धरून की सोडून, किती वाजेपर्यंत, आणि मधे दुसरी गिऱ्हाइकं घेणार का. अर्धे पैसे परत काठावर आल्यावर. "बघून घेऊ की" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. पर्यटकांच्या होडीपेक्षा मासेमारीची होडी केव्हाही बरी. तिच्यातल्या माणसाला पाणी कळतं आणि त्याला डॉल्फिन दाखवायचे नसतात.

मग जायचं कधी? अष्टमीच्या पुढची भांगाची (कमी चढ-उताराची) पाण्यं, म्हणजे नवमी ते एकादशी, शुक्ल असो वा कृष्ण. ओढ कमी असते आणि वेळही जमते. दशमीला साडेसातला भरती पूर्ण होते, तर साडेपाचला पुलाच्या वरच्या बाजूने पाण्यात उतरायचं, भरतीबरोबर वर कडवाड-किन्नरच्या दिशेने जायचं, ओहोटी लागली की खारफुटीतून बाहेर पडणाऱ्या ओहोळांच्या तोंडाशी गळ टाकत टाकत खाली यायचं आणि अकराच्या आत, वारा सुटण्याआधी, गाडीपाशी. आम्ही दुसऱ्या दिवशी वरच्याच भागात राहिलो. छान झालं, दोन तांबसे आणि एक गोबरा मिळाला, सांगण्यासारखं विशेष काही नाही.

पुलाबद्दल वेगळं सांगायला हवं. ७ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे जुना पूल कोसळला हे सगळ्यांना माहीत आहे. एक ट्रक नदीत गेला होता, चालक वाचला. पाण्याखाली काय आहे आणि काय काढलंय याचा अंदाज वरून बांधत बसू नका. पुलाखालून जायचंच तर दोन खांबांच्या बरोबर मधून, आणि तिथे नांगर टाकायचा नाही. खांबाच्या मागच्या शांत पाण्यात मासा बसतो हे खरं, म्हणूनच मोह होतो. पण कयाक आडवी होऊन खांबाला चिकटली की पाणी तिला सोडत नाही. नांगराचंही तेच. दोरी कायम नाकाला किंवा शेपटीला बांधा, मधे कधीच नको, आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ हवी. ओढत्या पाण्यात बाजूने बांधलेली कयाक उलटतेच.

पाण्याच्या ओढीत धरणाचाही हात असतो. काळीवर सुपा, कोडसळ्ळी आणि सगळ्यात खाली कद्रा. कद्र्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की ते ओहोटीच्या भरीला येतं आणि खाडीचा वरचा थर गोडा होतो. सुंगटं खाली सरकतात, मासाही सरकतो, आणि तुम्ही आदल्या दिवशीच्या जागेवर बसून राहता. काठच्या माणसाला "काल पाणी कसं होतं?" एवढं विचारलं तरी कळतं. पावसाळ्यात तर नावच काढू नका. कद्र्याचे दरवाजे उघडतात तेव्हा काठच्या गावांना इशारा देतात, तो आपल्यालाही लागू आहे.

सामानाचं फार सांगत नाही, गळ टाकणाऱ्याला माहीत असतं. सात फुटी मध्यम-जड रॉड, वीस-तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), लीडर चाळीसच्या खाली नको. चोणकाचं गालफड आणि तांबशाची मुळांकडे धाव, दोन्ही बारीक लीडरला दया दाखवत नाहीत. जिवंत सुंगट सगळ्यात भारी, त्यानंतर मऊ रबरी ल्युअर (नकली आमिष). शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पक्कड वापरा, त्याच्या काट्यात विष असतं. उथळ पाण्यात उतरलात तर पाय घासत चाला, वाळूत पाकट बसलेला असतो. आणि फुगवायची कयाक खारफुटीत आणूच नका. माझा निकाल पक्का आहे. मित्राला तो मान्य नाही, तो ठिगळ लावतोय.

चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोत मिरवायचा तो आठ-दहा किलोचा मासा बहुतेक अंड्यांची मादी. फोटो काढा, सोडा. खायला दीड-दोन किलोचा चवीला जास्त चांगला लागतो.

जाळ्यांपासून लांब राहा. खाडीत बांबूचे खुंट रोवून जाळी बांधलेली असतात, त्यांना कयाक बांधायची नाही, त्यांच्या तोंडाशी ल्युअर फेकायचा नाही. तिसऱ्या काढणाऱ्या बायका ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात असतात, त्यांच्या जवळून जायचं असेल तर हळू. कोकणीत दोन शब्द बोललात तर उत्तम, नाहीतर मराठी चालतंच. मुखातून बाहेर पडून दक्षिणेला बिणगा-आरगेकडे जायचा विचारही करू नका, तिथे नौदलाचा तळ आहे. ड्रोनही घरीच ठेवा.

रस्ता खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा. अणशी घाट काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो, टपावर लांब कयाक असेल तर वळणावर समोरच्या बसला जागा देताना मागचं टोक बघा. दोन पट्टे पुरत नाहीत, पुढे-मागे दोऱ्या हव्यात. अंधारात घाट नको. पावसाळ्यात दरडीची चौकशी करून निघा. गोव्याकडून यायचं तर माजाळीच्या नाक्यावर दारूसाठी गाडी उघडून बघतात. ल्युअरच्या पेट्यांपर्यंत सगळं उचकतात आणि तीन तोंडी गळ बघणाऱ्याच्या बोटात जातो, मग वेळ जातो. पेटीला कुलूप नको, पण गळांना टोपणं घाला.

मासा घरी न्यायचा असेल तर थर्माकोलची पेटी बेळगावातूनच घ्या. बर्फ बैतकोल बंदरावर मिळाला. मासा तिथेच साफ करा, आतडी काढलेला मासा घाट चढून घरी येईपर्यंत टिकतो. आम्ही एक गोबरा तसाच आणला, तो लोंढ्याच्या पुढे खिडक्या उघड्या ठेवून आणावा लागला.