मुंबईचे बाजार, ज्याच्या त्याच्या वेळेला

मुंबईत पाहुणा आला की त्याला गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू एवढं फिरवून परत गाडीत बसवतात. मला विचाराल तर या शहरात बघण्यासारखं काही असेल तर ते बाजार, आणि तेही ज्याच्या त्याच्या वेळेला. मी नाशिकची, पण मावशी परळला राहते म्हणून जाणं-येणं असतंच, यावेळी जूनच्या सुरुवातीला गेले ती ठरवूनच गेले की बाकी काही नाही, फक्त बाजार हिंडायचे. मावशी म्हणाली, "मग चारला उठ, उजाडल्यावर बाजारात काय बघणार?"

तर पहिला दादरचा फुलबाजार. स्टेशनच्या वेस्टला, अंधारात आपण चालत जातो आणि फुलं दिसायच्या आधी वास येतो. गोंड्याचे ढीगच्या ढीग, अष्टर, लिली, बेल, दूर्वांच्या जुड्या, आणि मधनंच "चला चला बाजू" करत डोक्यावर हारा घेतलेला हमाल आपल्याला ढकलून पुढे. गोंडा, मोगरा किलोवर, पण सोनचाफा मात्र शेकड्यावर, म्हणजे मोजून. हा सोनचाफा वसईकडून येतो, तिकडचे बागायतदार पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन येतात आणि माल खपला की ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत परतीच्या गाडीत. आपण देवघरात जे फूल ठेवतो त्याच्यामागे कोणाची तरी अख्खी रात्र असते हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

उजाडता उजाडता स्टेशनच्या बाहेर फुटपाथवर आदिवासी बायका बसायला लागतात आणि माझ्यासाठी खरा बाजार तो. एक आजी कर्जतकडून आलेली, पुढ्यात शेवळांच्या जुड्या. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतनं वर येणारे जांभळट कोंब, दिसायला वीतभर लांब, आणि बाजारात असतात तीही थोडेच आठवडे. मी हातात घेऊन बघत होते तर आजी म्हणाली, "नुसती नको नेऊ, काकडं पण घे." काकडं म्हणजे छोटी हिरवी आंबट फळं, शेवळं घशाला खाजतात ती खाज काकडांनी मारते. मग तिने एक शेवळ सोलून दाखवलं, वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून परतायचं आणि काकडं ठेचून उकळून त्याचं पाणी घालायचं. "सोडे हायेत का घरात? मग सोडे घाल." सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, नसतील तर चण्याची डाळ. एवढं सगळं सांगून जुडी आणि काकडांचा वाटा हातात. मी भाव केला नाही, आणि अशा ठिकाणी कोणी करूच नये असं माझं ठाम मत आहे, पहाटेची गाडी पकडून जंगलातली भाजी आपल्या दारात आणणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी कसली घासाघीस?

क्रॉफर्ड मार्केट मी आधीही बघितलेलं, पण यावेळी वर मान करून बघितलं. १८६९ ची इमारत, विल्यम एमर्सनची, आणि दारावरच्या दगडी पट्ट्यांमध्ये शेतकरी कोरलेत ते लॉकवुड किपलिंगने, जो समोरच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि फुल्यांचं घराणंच फुलांच्या व्यवसायातलं, त्यामुळे हे नाव मला फार योग्य वाटतं. आत कोकणचा हापूस संपत आलेला, केसर मात्र भरपूर. घाऊक फळबाजार केव्हाच वाशीला गेलाय, तरी आंब्याची पेटी उघडून वरचा पेंढा बाजूला करून दाखवायची पद्धत अजून तीच. समोर बादशाहमध्ये फालुदा घ्या आणि पुढे निघा.

चोर बाजार शुक्रवारी. त्या दिवशी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात पण रस्त्यावर पहाटेपासून जुना माल पसरतात आणि दुपारच्या नमाजाच्या सुमाराला आवरतात. पितळी कुलपं, पेट्रोमॅक्स, इनॅमलचे बोर्ड, जहाजावरचे दिवे, एकच बूट, रिमोटचे ढीग, काहीही. जहाजाच्या वस्तू बघून नवल वाटायला नको, जहाजं तोडायचं ठिकाण, दारूखाना, याच शहरात आहे. इथे मात्र भाव करायचा, बिनधास्त करायचा, समोरच्यालाही ते अपेक्षितच असतं. आणि वस्तू आधी उलटी करून बघायची, पुढून कितीही जुनी दिसली तरी मागचे स्क्रू चकचकीत असले की समजायचं नवाच माल आहे. मी एक पितळी अडकित्ता घेतला, आजोळच्या पानाच्या डब्यात होता अगदी तसाच.

पण मन रमलं ते लालबागला. मिरची गल्लीत शिरलं की आधी ठसका, मग डोळ्यात पाणी, मग हळूहळू सवय. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी दोन्हीला, काश्मिरी नुसती लालभडक, आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. मावशीचा कागद तिच्या सासूच्या हातचा, घड्या पडून फाटत आलेला, त्यावर दगडफूल, नागकेशर, त्रिफळ, मायपत्री सगळं तोळ्यात लिहिलेलं. दुकानदाराने कागद बघितला आणि म्हणाला, "मालवणी ना? धणे जरा जास्त लागतील." मग मिरची भाजून डंखात, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रात जाते आणि बायका आपापल्या पिशवीजवळ बसून राहतात, कारण आपल्या मसाल्यात दुसऱ्याची मिरची मिसळलेली कोणालाच चालत नाही. आमच्या शेजारी बसलेल्या काकू आता विरारला राहतात, सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घर सुटलं, तरी दरवर्षी मसाला इथेच येऊन करतात. पावसाळा लागायच्या आत मसाला झाला पाहिजे म्हणून या दिवसात गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. डंखातनं निघालेला मसाला पिशवीवरून हाताला गरम लागतो, तो घरी नेऊन पसरून गार करायचा आणि मगच बरणीत भरायचा, हे काकूंनी दोनदा बजावलं.

ताजी मासळी या वेळेला फारशी मिळाली नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे सगळीकडे सुकट, बोंबील, जवळा. मला चाललं, कारण शेवळांत घालायला सोडे हवेच होते आणि ती भाजी मावशीच्या नव्या मसाल्यात इतकी भारी झाली की उरलीच नाही. आता ऑगस्टात बोटी परत समुद्रात गेल्या की ससून डॉकचा पहाटेचा मासळीचा लिलाव बघायचाय, कोणी जाऊन आलं असेल तर किती वाजता पोचायचं तेवढं सांगा.