एकसष्ट लाखांचं सातवं बिल

एप्रिलमधला तिसरा शनिवार. दुपारी सव्वातीनला ऑफिसच्या अकाउंटंट काकांनी स्क्रीनकडे बघत चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि मला म्हणाले, "ताई, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय की हा माणूस आज आपल्याकडून एकसष्ट लाख घेऊन जाणार."

हा माणूस म्हणजे उंड्रीच्या साइटवरचा सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या कामाचा, ठेकेदार. तो समोरच बसला होता, चहा पीत. त्याच्या सातव्या आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे काम चालू असतानाच्या) बिलाखाली निव्वळ देय ६१,४८,४०० रुपये. पेमेंटची फाइल तयार होती, फक्त शेठच्या ओटीपीची वाट.

मी बिल्डर लोकांच्या ऑफिसात अकाउंटिंगची सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम करते. कर्वे रस्त्यावरच्या या ऑफिसात आम्ही चार महिने तयारी केली होती. काका नको म्हणत असताना १ एप्रिलचा मुहूर्त माझाच. "मार्चअखेर म्हणजे घरात लग्न, त्यात तुम्ही घर बदलायला सांगताय," असं ते म्हणाले होते. मला वाटलं, नवं वर्ष, कोरी पाटी. पाटी कोरी नसतेच. ऑडिट होईपर्यंत मार्चच्या बाक्या हलत राहतात आणि मार्चचा टीडीएस भरायला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, म्हणजे सगळा महिना माणूस जुन्या वर्षातच अडकलेला. आता मी आधी एकच साइट घेते आणि दोन महिने जुनं-नवं दोन्हीकडे लिहायला लावते. तेव्हा ती अक्कल नव्हती.

एक चूक तर आधीच सापडली होती. साइटच्या शीटमध्ये 'खर्ची' असा रकाना होता. मजुरांना जेवणखाण चालवायला दर आठवड्याला देतात ती उचल, जी पुढे बिलातून वळती होते. आमच्या टीममधल्या मुलाने ती सरळ खर्चाच्या खात्यात टाकली. मराठी माध्यमाचा मुलगा, 'खर्ची पडले' एवढंच त्याला माहीत. ते वेळेत निस्तरलं.

एकसष्ट लाखांचं कोडं सुटायला दहा मिनिटं लागली. आरए बिलात मोजमाप कामाच्या पहिल्या दिवसापासूनचं लिहितात आणि त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा करतात. एमबीप्रमाणे, म्हणजे मोजमापाच्या वहीप्रमाणे, आजवरचं काम ६८,६०,००० रुपयांचं, आधीच्या सहा बिलांत गेलेलं ६२,४०,०००. म्हणजे हे बिल ६,२०,०००चं, जीएसटी वेगळा. आम्ही प्रत्येक ठेकेदाराची बाकी पैशापर्यंत जुळवून आणली होती. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून चितळ्यांचे पेढेही वाटले होते. आधीच्या बिलांची मोजमापं मात्र आणलीच नव्हती. 'मागील'चा रकाना शून्य, म्हणून सगळी इमारत पुन्हा बिलात.

काकांनी तोवर पॅडवर हिशोब मांडला होता. सहा लाख वीस हजारांतून पाच टक्के रिटेन्शन (कामाची हमी म्हणून राखून ठेवायचे पैसे) एकतीस हजार, ठेकेदार वैयक्तिक नावावर म्हणून टीडीएस एक टक्का सहा हजार दोनशे, चार आठवड्यांची खर्ची तीन लाख. राहिले २,८२,८००. मशीनला मी जुनी मोजमापं भरवली तेव्हा तोच आकडा आला. काकांनी तो न बघताच मान डोलावली.

मग ठेकेदाराने कप खाली ठेवून विचारलं, "मॅडम, माझं आधीचं रिटेन्शन किती दाखवतंय त्यात?"

बघितलं. शून्य. त्याचंच नाही, दोन्ही साइटवरच्या चौदाही ठेकेदारांचं शून्य.

काका उठले. कपाटातून सिमेंटवाल्याकडून दिवाळीला मिळालेली डायरी काढली, खाकी कागदाचं कव्हर घातलेली. ठेकेदार पूर्ण रकमेचं बिल द्यायचा, पण काका रिटेन्शन कापून उरलेलंच वहीत टाकायचे. कापलेले पाच टक्के फक्त डायरीत. काम संपून डिफेक्टची, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची, मुदत सरली की पैसे द्यायचे आणि तेव्हा खर्चाला लिहायचं. "देताना लिहायचं, त्यात काय," असं त्यांचं साधं शास्त्र. घरांच्या प्रोजेक्टवर २०१९पासून पाच टक्केवाल्या जीएसटीत इनपुट क्रेडिट (ठेकेदाराच्या बिलावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे ठेकेदाराचं बिल आणि आपली वही यांचा ताळा घालायची गरज कुणाला पडली नाही. पण रेराच्या खात्यातून, म्हणजे ग्राहकांचे पैसे प्रोजेक्टसाठीच राखून ठेवायच्या बँक खात्यातून, पैसे काढताना सीए जो दाखला देतात त्यात झालेल्या खर्चाचा आकडा असतो. आमचा मजुरीचा आकडा रिटेन्शन वगळून धरला होता, हे सोमवारी सकाळी त्यांना फोन करून सांगावं लागलं. तो फोन मीच केला. फार वेळ कुणी काही बोललं नाही.

शनिवारी रात्री साडेनऊपर्यंत काका डायरी वाचत होते आणि मी एकेक नोंद करत होते: प्रोजेक्टच्या खर्चाला नावे, 'रिटेन्शन देय'ला जमा. देण्याघेण्याची एवढी बारीक नोंद मी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पाहिली नव्हती. पेन्सिलने तारखा, लाल शाईने वाद.

ठेकेदार थांबून राहिला होता. त्याच्या रकमेवर आम्ही अडलो. सहा बिलांचे पाच टक्के ३,१२,००० होतात, तेच त्याच्या खिशातल्या वहीत. डायरीत ३,०६,०००. बाजूला लाल शाईत: 'जॅक ८ नग गहाळ, दर ७५०.' जॅक म्हणजे स्लॅबखालचे लोखंडी टेकू.

"गहाळ कुठले काका, तुमच्याच इंजिनियरनं टेम्पो घालून वाघोलीला नेले. मी स्वतः चढवून दिले."

काकांनी वाघोलीच्या स्टोअरला फोन लावला. कुणी उचलला नाही. मग डायरीवर पेन्सिल टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, याला तुमच्याकडे कॉस्ट कोड कोणता?"