तुम्ही विचारलंत म्हणून: खणून झालेल्या रानात आता काय उरलंय?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, जुन्या खाणींच्या रानात, मी हौसेनं मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधते. मेलबर्नमध्ये कुणाकडे जेवायला जा, नाहीतर कोल्हापुरात फोन लावा, विषय निघतोच. "अगं, पावणेदोनशे वर्षं लोक तिथं खणतायत. तुला काय मिळणार आता?" आणि पाठोपाठ मावशीचा ठरलेला: "किती तोळं झालं?"

मावशीचं आधी सांगते. 4 वर्षांत 19 ग्रॅम. दोन तोळेसुद्धा नाहीत. डिटेक्टरचे पैसे अजून निघायचेत, पेट्रोलचं तर नावच काढू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडे. व्हिक्टोरियात 1851 मध्ये सोन्याची झुंबड उडाली. मी जाते तो डनॉली, टार्नागुल्ला, मेरीबरोचा भाग अजून त्या खुणा अंगावर घेऊन पडलाय. आयर्नबार्कच्या झाडांखाली खड्डा, शेजारी मातीचा ढीग, की पुन्हा खड्डा. देवीचे व्रण असावेत तशी जमीन. बघून वाटतं, इथे कण शिल्लक नसणार. मलाही वाटलं होतं. पण याच भागात मोलियागुलला 1869 मध्ये सुमारे 72 किलो सोन्याचा गोळा झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम बोटभर सापडला. डनॉलीत एवढा तराजू नव्हता म्हणून तो ऐरणीवर फोडावा लागला. त्यानंतर शतक उलटलं, आणि 1980 मध्ये किंगोवरला एका डिटेक्टरवाल्याला 27 किलोचा मिळाला. इतकी वर्षं त्यावरून लोक चालत होते!

माझ्या नशिबी तसलं काही नाही, आणि त्यासाठी मी जातही नाही. मी तिथे वाचायला जाते, आधीचा माणूस कसं काम करत होता ते. सोनं जड, ते खाली चिकणमातीवर किंवा खडकावर जाऊन बसतं. म्हणून 1850च्या दशकातला खाणकरी भराभर खाली जायचा, तळाची वाळू-गोटे धुवायला न्यायचा आणि वरची माती बाजूला फेकायचा. त्या फेकलेल्यात काय गेलं हे बघायला त्याला सवड नव्हती, शेजारी दुसरा खणत होता ना! चिकणमातीचं ढेकूळ नीट फुटलं नाही तर आतला कण तसाच ढिगावर. मग चिनी खाणकरी आले आणि पहिल्यांनी टाकलेलं त्यांनी चिकाटीनं पुन्हा धुतलं. पुढे डिटेक्टर आले, पण इथल्या लोहयुक्त लाल मातीत ते नुसते केकाटायचे. 1990च्या दशकात ॲडलेडच्या मायनलॅब कंपनीनं असल्या मातीतही चालणारी, पल्स इंडक्शनची यंत्रं काढली, तेव्हा त्याच जमिनीतून पुन्हा सोनं निघालं. ज्याला त्याच्या हत्यारानं जेवढं दाखवलं, तेवढंच त्यानं नेलं.

मी लहानपणी कोल्हापूरच्या गुजरीत, सोनारांच्या पेठेत, झारेकरी बघितलेत. भल्या पहाटे, पेढ्या उघडायच्या आत, सोनारांच्या दारातली धूळ झाडून गोळा करायचे, गटारीतला गाळसुद्धा. आजी म्हणायची, त्यांच्या पाटीत आपल्यापेक्षा जास्त सोनं असतं.

तर मी ढीग धरते. दाताळ्यानं दोन-तीन इंचाचा थर ओढायचा, कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची थाळी, जमिनीला घासून फिरवायची, पुन्हा ओढायचा. एका ढिगाला अख्खा दिवस जातो. नाहीतर झुडपांत शिरते, पडलेल्या फांद्या उचलते, कारण कॉइल फिरवायला अडचण होते तिथून आधीचे लोक वळसा घालून गेलेले असतात. मिळतात मुख्यतः खिळे. बुटाचे खिळे, घोड्याच्या नालाचे खिळे, शिशाचे छर्रे. पहिल्या वर्षी मी बरणीभर लोखंड घरी आणलं होतं.

गेल्या मे महिन्यात असाच एका ढिगात बारीक आवाज आला. हेडफोन नसता तर कळलाही नसता. चार इंच उकरलं, आवाज तिथेच. कुदळीला लावलेलं लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. तिथे छातीत धडधडायला लागतं, छर्राच असणार हे माहीत असूनही. माती प्लास्टिकच्या सुपड्यात घेतली, कॉइलवरून नेली, वाजली. अर्धी टाकली, वाजली. पुन्हा अर्धी. शेवटी चिमूटभर राहिली, ती तळहातावर घेऊन फुंकर मारली. मसुरीच्या डाळीएवढा, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा. 0.4 ग्रॅम.

खड्डा बुजवला. तो बुजवावाच लागतो. इथे हौशी माणसाला 'मायनर्स राइट' नावाचा परवाना घ्यावा लागतो, तो 10 वर्षं चालतो. हातानं चालवायची अवजारंच वापरता येतात, आणि नॅशनल पार्कांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे. येणार असाल तर एवढं बघून या. कुदळ माझ्याकडे जास्तीची आहे.

तो ढीग कुठला, ते मात्र विचारू नका. अजून अर्धा शिल्लक आहे.