पाडेगावच्या पुढं, दुपारी

जेजुरीपर्यंत पाय शाबूत होते. दिवे घाट चढलो, सासवडला पाय चेपून घेतले, खंडोबाचा भंडारा लावला, वाल्हे कधी आलं कधी गेलं आठवत पण नाही. घोळ केला तो नीरेत. माउलींच्या पादुकांना स्नान झालं, गर्दीत आम्हीपण पाय बुडवले आणि मी शहाण्याने ओल्या पायातच मोजे घालून सँडल चढवली, ती पण पुण्यात घेतलेली नवीकोरी. पाडेगावच्या पुढं उजव्या टाचेला हा एवढा फोड. दिंडी निघून गेली, टाळांचा आवाज लांब लांब जायला लागला आणि मागून येणारा प्रत्येक जण आपला "चला माउली, चला माउली". खरं सांगतो, एकातरी माउलीच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं.

रस्त्याकडेला लिंबाखाली एक जण पोतं टाकून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसला होता. सँडलचा पट्टा पण उचकटलेला, म्हणून टेकलो. आणि वास आला. भर दुपारी, वारीच्या वाटेवर, देशीचा. डोकंच फिरलं. उठायला लागलो तर त्याने घोटा धरला, "बसा माउली, टाच बघू." पिशवीतनं बारकी सुई काढली, काडीच्या जाळावर धरली, दोरा ओवला आणि फोडातनं आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवून दोन्हीकडनं तोडला. पाणी झिरपत राहतं, कातडं निघत नाही. दोरा ओवताना त्याचा हात इतका थरथरत होता की मी डोळेच मिटले, पण सुई टाचेला टेकली आणि हात थांबला.

अप्पाचा अस्साच थांबायचा.

अप्पा आमच्या बार्शीचा, मोटर रिवाइंडिंगवाला. मित्र म्हणता येणार नाही, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पण गावी गेलो की त्याच्या दुकानात तासभर बसणं ठरलेलं. सकाळी चहा बशीत सांडायचा, आणि एक क्वार्टर पोटात गेली की जळालेल्या मोटरमध्ये तांब्याची तार भरताना वेढे मोजत मोजत गावभरच्या भानगडी सांगायचा आणि आकडा चुकायचा नाही. निम्मी उधारी बुडाली त्याची, मागायलाच लाजायचा. पिऊन कधी कुणाला शिवी दिली नाही म्हणतात. घरात काय चालायचं ते वहिनींनाच माहीत, मी कधी विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं का ते पण कळत नाही.

दरवर्षी मी निघायच्या आधी म्हणायचा, पुढच्या वर्षी माळ घालतो आन येतो. २०२० ला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या तेव्हा म्हणाला, "माउली एसटीनं जातेत आन मला चालायला सांगतो व्हय लका." मग माझ्या खिशात पन्नासची नोट कोंबायचा, विठोबाच्या पेटीत टाक म्हणून. एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच दारात हजर. "ते पन्नास दे जरा. देवाचं पुढच्या साली बघू." दिले. आईने आतून ऐकलं आणि मलाच झापलं.

यंदा चैत्रात गेला. पोटात पाणी झालं होतं, सोलापूरला नेलं, परत आणलं, आठ दिवसांत संपलं. मी पुण्यात होतो, मातीला पण पोचलो नाही.

लिंबाखालच्या माणसाने पैसे घेतले नाहीत. "तंबाखू हाय का?" माझ्याकडे नव्हती. "मग पळा आता, लोणंदला पंगत उठंल." पंगत उठलेलीच होती. विणेकरीबुवांची बोलणी खाल्ली, त्यावर गार पिठलं खाल्लं आणि राहुटीत लोकांचं घोरणं ऐकत पडून राहिलो, टाचेतला दोरा बोटाने चाचपत.

पुढं तरडगाव, फलटण, नातेपुते, रिंगणं, सगळं एकात एक मिसळलंय. वाखरीच्या पुढं पाऊस लागला आणि का कोण जाणे, तासभर नुसता नाचलो, टाच विसरून.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघूनच हात जोडले, कळस बघितला, मुखदर्शन तेवढं मिळालं. अप्पाचे म्हणून पन्नास रुपये आळंदीपासून वेगळे ठेवले होते. पेटीजवळ गेलो, नोट काढली, घडी उलगडली, परत घातली. उद्या सकाळी मागायला आला तर काय देऊ, असंच डोक्यात आलं. मागचा माणूस ढकलत होता, "चला माउली."